बनारसीदासांचा ताळेबंद



आपल्या घरांत वही लिहिणे नवीन नाही. दुकानाची रोजकीर्द, उधारीची वही, दिवाळीतले वहीपूजन हे आपण लहानपणापासून पाहत आलो. बायकांच्याही वह्या असतात. दुधाची, वाण्याची, भिशीची, उपवासाच्या पारण्याला कोणाकडून काय आले त्याची. पण या सगळ्या वह्यांत एक खाते कधी उघडलेले नसते, ते आपल्या स्वतःच्या आयुष्याचे. काय मिळाले, काय गेले, कोणाचे देणे राहिले, हे मनातल्या मनात फिरत राहते. मनातला हिशेब मात्र कधी जुळत नाही, हे दुकानदाराच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको.

पौने चारशे वर्षांपेक्षाही आधी आपल्याच समाजातल्या एका व्यापाऱ्याने हे खाते उघडले. त्यांचे नाव कविवर बनारसीदास. 'समयसार नाटक' लिहिणारे म्हणून स्वाध्यायाला जाणाऱ्या मैत्रिणींना ते माहीत असतील. त्यांचे दुसरे पुस्तक 'अर्धकथानक' मात्र फार थोड्यांनी वाचले आहे. संवत १६९८ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४१ मध्ये, आग्र्याला बसून त्यांनी ६७५ पद्यांत स्वतःच्या आयुष्याची पहिली पंचावन्न वर्षे लिहून काढली. हिंदीतले पहिले आत्मचरित्र म्हणून अभ्यासक त्याला मान देतात. भाषाही पंडिती नाही, मध्यदेशात लोक बोलत ती बोली.

आज मला त्यांच्या कवित्वाबद्दल लिहायचे नाही. स्वतःची गोष्ट लिहिल्याने माणसाचे मन बरे होते असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. ते कसे होत असेल, हे मला या जुन्या पुस्तकातून जसे कळले तसे सांगायचे आहे.

काय काय सोसले

बनारसीदासांचा जन्म संवत १६४३ चा, इसवी सनाच्या हिशेबाने १५८६ च्या सुमाराचा, जौनपूर शहरातला. घराणे श्रीमाळ, श्वेतांबर खरतरगच्छाचे. वडील खरगसेन जवाहिऱ्याचा व्यापार करत. मुलाचे पाळण्यातले नाव विक्रमाजीत. पुढे काशीला पार्श्वनाथांच्या यात्रेला गेल्यावर तिथल्या पुजाऱ्याच्या सांगण्यावरून ते बनारसी झाले.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवी सून घरात आली त्याच दिवशी त्यांच्या आईला मुलगी झाली आणि त्याच दिवशी घरातली म्हातारी आजी वारली. एकाच दिवशी एकाच घरात लग्न, जन्म आणि मृत्यू. ही नोंद ते कसलाही आव न आणता करतात. घरात एकीकडे कार्य आणि दुसरीकडे सुतक असले की बाईची काय धांदल होते हे आपल्याला माहीत आहे. ती ओळ वाचताना मला त्यांच्या आईची आठवण आधी आली. बाळंतीण ती, सासू झालेलीही तीच.

थोड्याच दिवसांत जौनपूरच्या सुभेदाराने, कुलीच खानाने, शहरातल्या सगळ्या जवाहिऱ्यांना पकडून कोरड्यांनी मारले. सुटका झाल्यावर सगळे बायकामुले घेऊन रातोरात पांगले. बनारसीदासांचे कुटुंब भर पावसात शहाजादपूरला पोचले. तिथे करमचंद नावाच्या एका वाण्याने आपले घर त्यांना रिकामे करून दिले, धान्याची आणि अंथरुणा-पांघरुणाची सोय केली. मारणाऱ्याचे नाव पुस्तकात आहे, तसे घर देणाऱ्याचेही आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा मुलगा इष्कबाजीच्या नादी लागला. वडिलांच्या पेटीतली रत्ने चोरून त्या पैशांची मिठाई तो प्रेयसीला पाठवी. मग खैराबादला सासुरवाडीत असताना अंगभर कोडासारखे फोड उठले. जवळ कोणी येईना. बायको आणि सासू या दोघींनीच औषधपाणी केले, अन्न भरवले, आणि एका न्हाव्याच्या उपचाराने ते बरे झाले. हेही त्यांनी जसेच्या तसे लिहिले आहे.

इसवी सन १६०५ मध्ये अकबर बादशहा वारला. बातमी जौनपूरला आली तेव्हा बनारसीदास जिन्यावर बसले होते. ऐकताच घेरी येऊन पडले, कपाळ फुटले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. शहरात गोंधळ उडाला. दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने जमिनीत पुरले, श्रीमंतांनीही जाडेभरडे कपडे घातले. जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले तेव्हा शहर शांत झाले. बादशहाच्या मरणाची हकिकत इतिहासाच्या पुस्तकांत असतेच. पण त्या दिवशी एका घरात आईने काय केले, हे असल्याच पुस्तकात सापडते.

तोट्याचा धंदा

१६१० च्या सुमारास वडिलांनी त्यांना आग्र्याला धंद्यासाठी पाठवले. बरोबर जडजवाहीर, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड दिले, आणि सगळ्याची यादी कागदावर लिहून दिली. बनारसीदासांना बाजार कळेना. भरवशाची नसलेली गिऱ्हाइके गाठ पडली. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने कुठे गळून पडली ते कळले नाही. कापडात गुंडाळून ठेवलेली उंदरांनी पळवली. हळूहळू सगळे संपले.

मग ते रात्री घरी बसून 'मधुमालती' आणि 'मृगावती' या प्रेमकथा मोठ्याने वाचत आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यातच एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते रोज उधार कचोऱ्या घेऊन खात. एक दिवस त्याला बाजूला घेऊन त्यांनी सांगितले, बाबा, माझ्याकडे द्यायला काही नाही, मला उधार देऊ नकोस. तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, कोणी काही म्हणणार नाही. सहा-सात महिने असे गेले. पुढे हातात पैसा आल्यावर त्यांनी त्याचा हिशेब चुकता केला.

कफल्लक होऊन ते खैराबादला गेले, तेव्हा बायकोने साठवलेले वीस रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि धीर दिला. मग गुपचूप आपल्या आईला सांगितले. त्या माउलीने कोणाला न कळू देता दोनशे रुपये जावयाला पोचते केले. त्या भांडवलावर ते पुन्हा उभे राहिले.

काही काळाने ती बायको गेली. तिच्या मरणाची बातमी आणि तिच्याच धाकट्या बहिणीशी सोयरीक ठरल्याची बातमी एकदमच आली. आपली स्थिती लोहाराच्या सांडशीसारखी झाली, आता आगीत आणि आता पाण्यात, असे ते म्हणतात. पुढे आग्र्यात गाठीच्या तापाची साथ आली. जिवलग मित्र आणि भागीदार नरोत्तमदास वारले. एकूण तीन लग्ने झाली. सात मुलगे आणि दोन मुली झाल्या आणि नऊच्या नऊ गेल्या. पुस्तकाच्या शेवटी नवराबायको दोघेच उरली आहेत, पानगळ झालेल्या झाडासारखी.

मग लिहिले कशाला?

एवढे सोसलेला माणूस ते सगळे पुन्हा कशाला उकरून काढेल? बनारसीदास कारण फार साधे देतात. आपली कथा सर्वांना सांगावी असे मनात आले, एवढेच. पण त्याआधी काय घडले होते ते पाहिले की मला थोडा उलगडा होतो.

आधीची काही वर्षे ते धर्माच्या बाबतीत फार भरकटले होते. तरुणपणी एका संन्याशाने मंत्र दिला, वर्षभर गुपचूप जप कर, रोज दारात सोन्याचे नाणे सापडेल. त्यांनी वर्षभर जप केला, नाणे काही सापडले नाही. पुढे मध्यम वयात समयसारावरची राजमल्लजींची टीका हाती आली. शब्द समजले, पण अर्थ पचला नाही. क्रियाकांड सगळे फोल वाटू लागले. तीन मित्रांसह खोलीचे दार लावून नग्न होऊन नाचत आणि आम्ही मुनी झालो म्हणत. लोक हसले, नावे ठेवली. १६३५ च्या सुमारास पंडित रूपचंद पांडे आग्र्याला आले, त्यांनी गोम्मटसार वाचून दाखवले, चौदा गुणस्थाने समजावली. माणूस पायरीपायरीने चढतो आणि ज्या पायरीवर असेल त्या पायरीचे आचरण त्याला योग्य असते, हे कळल्यावर बनारसीदास स्थिर झाले. लगेच पुढे 'समयसार नाटक' लिहिले गेले. आत्मा हा पाहणारा आणि जाणणारा, कर्माचा खेळ समोर चाललेला, ही त्यातली दृष्टी. आणि त्यानंतर पाच वर्षांनी 'अर्धकथानक'.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांना पाहायला आले आणि मग त्यांनी स्वतःकडे पाहिले. म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते 'मी' म्हणत नाहीत. बनारसीने असे केले, बनारसी तिकडे गेला, असेच लिहितात. जणू शेजारच्या दुकानातल्या मुलाची गोष्ट सांगावी. त्यामुळे पडलेल्या बनारसीला ते हसू शकतात आणि रडणाऱ्या बनारसीजवळ बसूही शकतात.

शेवटी ते आपले गुण आणि दोष वेगवेगळे मांडतात. गुणांत क्षमा, संतोष, गोड बोलणे, काव्य चांगले वाचणे. दोषांत थोडा लाभ झाला की फार आनंद, थोडे नुकसान झाले की फार चिंता. जप-तप-संयम नाही. ऐकलेली नसलेली गोष्ट रंगवून सांगायची सवय. एकांत मिळाला की नाचायला लागायचे. अचानक भीती वाटायची. एवढा अध्यात्मी म्हणून गाजलेला माणूस, पण दोषांची बाजू कोरी ठेवलेली नाही. माणसांचे उत्तम, मध्यम आणि अधम असे तीन प्रकार सांगून स्वतःला त्यांनी मध्यमात बसवले आहे. आपण सामायिकात आलोचना पाठ म्हणतो तेव्हा दोष शब्दांत आणतोच. बनारसीदासांनी त्या आलोचनेला नावे, गावे आणि रकमा जोडल्या.

बुडीत खाते

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. पदवीचा उपयोग पुढे घरखर्च आणि मुलांच्या फीच्या पावत्या एवढाच झाला, पण एक धडा मला अजून आठवतो. जे येणे वसूल होणार नाही ते बुडीत म्हणून लिहून टाकायचे. मुलींना वाटे, लिहून टाकणे म्हणजे खोडून टाकणे. तसे नसते. रक्कम किती, कोणाकडून, कधीची, हे सगळे वहीत राहते. फक्त ती रक्कम आपल्याला मिळणार आहे असे समजून दरवर्षी पुढे ओढत राहणे थांबते. न लिहिलेली बुडीत रक्कम ताळेबंद खोटा करते आणि धंदेवाल्याला चुकीचे निर्णय घ्यायला लावते.

'अर्धकथानक' वाचताना मला वाटले, बनारसीदासांनी हेच केले. नऊ मुले परत येणार नव्हती. ती त्यांनी वहीत लिहिली, आकड्यासह. आणि दुसऱ्या बाजूला करमचंद, कचोरीवाला, बायकोचे वीस रुपये आणि सासूचे दोनशे लिहिले. दुःख करणारा माणूस बहुधा एकच बाजू लिहितो. दुसरी बाजू आपोआप आठवत नाही, ती लिहायला बसावे लागते.

माझ्यापुरते सांगते. १९८५ साली माझा पहिला मुलगा अकराव्या दिवशी गेला. त्याचे नावही ठेवले नव्हते. त्या काळी अशा दुःखावर बोलायची रीत नव्हती. पुढे होईल, असे सगळे म्हणत, आणि चांगल्या मनानेच म्हणत. पुढे दोन मुले झालीही. पण आठ दिवसांच्या पर्युषणात कधी ना कधी तो अकरा दिवसांचा हिशेब डोक्यात सुरू व्हायचाच. एकसष्टाव्या वर्षी मी तो एका वहीत लिहिला, दोन पाने भरली. दुःखाची बाजू मला पाठच होती. दुसरी बाजू लिहिताना काय काय सापडले! सासूबाई महिनाभर रात्री माझ्या उशाशी बसत, एक शब्द न बोलता. शेजारच्या काकू रोज मऊ भात आणि मेतकूट झाकून ठेवून जात आणि भांडे न्यायलासुद्धा दारात थांबत नसत. ही दोन्ही माणसे आता नाहीत. त्यांची नावे माझ्या वहीत आहेत. मुलाचे दुःख गेले नाही, पण आता ते त्या दोन पानांत आहे, सबंध घरभर नाही.

आताचे अभ्यासक काय म्हणतात

अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. सँड्रा बील यांच्याबरोबर त्यांनी केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या मुलामुलींना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले. काहींनी साध्या विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या मोठ्या आघातांवर. ज्यांनी आघाताची घटना आणि त्या वेळच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांना लिहिल्याबरोबर बरे वाटले नाही, उलट जास्त उदास वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत ती मुले दवाखान्यात कमी वेळा गेली. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'आता कळते' असे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे नुसते रडून उपयोग नाही, सांधा लावत जावे लागते. बनारसीदास ६७५ पद्यांत तेच करत होते.

एक सावधगिरी मात्र सांगते. लिहिणे हे औषधाची जागा घेत नाही. लिहून मन अधिकच बुडत असेल तर वही मिटावी, जवळच्या माणसाशी बोलावे, डॉक्टरांकडे जावे.

मुंबईतली एक गोष्ट

'अर्धकथानक' आपल्यापर्यंत कसे आले तेही ऐका. गिरगावातल्या हिराबागेत 'हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय' होते. ते चालवणारे पंडित नाथूराम प्रेमी मूळचे सागर जिल्ह्यातल्या देवरीचे, तरुणपणी नोकरीसाठी मुंबईला आले आणि इथेच राहिले. जैन साहित्याच्या इतिहासात त्यांनी केलेले काम मोठे आहे. १९४२ मध्ये त्यांचा एकुलता एक तरुण मुलगा हेमचंद्र वारला. आणि १९४३ मध्ये प्रेमींनी संपादित केलेले 'अर्धकथानक' छापून आले. नऊ मुले गमावलेल्या बापाचे पुस्तक, एक मुलगा गमावलेल्या बापाच्या हातून. त्यांच्या मनात काय चालले असेल ते मी सांगणार नाही. पण एकाचे लिहिलेले दुसऱ्याच्या हाती कोणत्या वेळी पडेल याचा नेम नसतो, एवढे मात्र खरे.

आपण काय करायचे

चातुर्मासात आपण एखादा नियम घेतोच. कोणी हिरवी भाजी सोडते, कोणी स्वाध्यायाचा नियम घेते. यंदा पंधरा मिनिटे लिहिण्याचा नियम घेऊन पाहा. चांगल्या भाषेची गरज नाही. 'मी' लिहिणे जड जात असेल तर बनारसीदासांसारखे स्वतःचे नाव घालून लिहा. जे गेले ते लिहा आणि त्या वेळी कोणी काय दिले तेही लिहा, अगदी मऊ भातापर्यंत. सगळे जपून ठेवलेच पाहिजे असेही नाही. बनारसीदासांनी तरुणपणी लिहिलेला हजार पद्यांचा शृंगाराचा ग्रंथ गोमतीच्या पुलावरून पाण्यात टाकून दिला होता. मित्र हळहळले, पण त्यांना मोकळे वाटले. कोणते पान ठेवायचे आणि कोणते फाडायचे हे लिहिणारीने ठरवावे. कोणाला दाखवायचे की नाही, तेही तिनेच.

माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून त्यांनी आपल्या पंचावन्न वर्षांच्या गोष्टीला 'अर्धकथानक' म्हटले. दुसरा अर्धा भाग लिहायला ते फार वर्षे उरले नाहीत. संवत १७०१ मध्ये आग्र्याच्या जगजीवन यांनी त्यांच्या विखुरलेल्या रचना 'बनारसी विलास' म्हणून एकत्र केल्या. म्हणजे जे लिहून झाले होते तेवढेच मागे राहिले.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. खैराबादच्या त्या मुलीचे वीस रुपये आपल्याला तिच्या नवऱ्याच्या वहीतून कळतात. ते तिने कशातून वाचवले, किती वर्षे, कुठे लपवले, देताना हात थरथरला का, हे कुठेच नाही. ते फक्त तिलाच लिहिता आले असते. आपल्यापैकी प्रत्येकीकडे असे वीस रुपये आहेत. आपल्याला लिहिता येते, वही घरात आहे.

जय जिनेंद्र.